आफ्रिकेत ग्रामविकासाचं काम करायचं आहे? मग क्रम असा ठेवा

पाणलोट, बचत गट, रोजगार हमी किंवा शेतकरी उत्पादक कंपन्या यांत काही वर्षं घालवलेली आपल्याकडची बरीच मंडळी आता आफ्रिकेतल्या जागा शोधतात. अनुभव चांगला असतो, तळमळ खरी असते, तरी वर्ष-दोन वर्षं अर्ज करून हाती काही लागत नाही. किंवा जागा मिळते आणि सहा महिन्यांत काम अडतं. दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा उलटा क्रम असतो. आधी एजंट गाठायचा, मग व्हिसाची चौकशी करायची, भाषा 'तिकडे गेल्यावर' शिकायची आणि तिथलं शासन कसं चालतं हे थेट गावात पोचल्यावर समजून घ्यायचं.

खंडात ५४ देश आहेत, त्यामुळे सगळीकडे लागू पडेल अशी एक रीत सांगता येणार नाही. खालचे टप्पे मुख्यतः केनिया, टांझानिया, मलावी आणि इथिओपिया डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. तिथला 'गटविकास अधिकारी' तुम्ही होणार नाही. त्या जागा त्या देशाच्या नागरिकांच्या आहेत आणि तशाच असायला हव्यात. तुम्हाला मिळू शकतं ते तांत्रिक सल्लागाराचं, कार्यक्रम व्यवस्थापकाचं किंवा प्रशिक्षकाचं काम. नेतृत्व तिथल्या अधिकाऱ्यांचं आणि गावकऱ्यांचं. तुमचं काम त्यांचे हात बळकट करण्याचं. हे मान्य नसेल तर पुढची तयारी करू नका.

टप्पा १ : एकच कौशल्य निवडा

'ग्रामविकासाचा दहा वर्षांचा अनुभव' एवढ्यावर कोणी बोलावत नाही. युगांडाच्या मकेरेरे, टांझानियाच्या सोकोइने, केनियाच्या एगर्टन अशा विद्यापीठांतून शिकलेले, स्थानिक भाषा बोलणारे तरुण तिथे आहेत. गावात बैठका घेणं, प्रशिक्षण देणं, अहवाल लिहिणं ही कामं ते तुमच्यापेक्षा चांगली करतात. त्यातच २०२५ मध्ये परदेशांना मदत देणारी अमेरिकेची सरकारी संस्था यूएसएड बंद झाली, तिच्या पैशावर चालणारे अनेक कार्यक्रम थांबले आणि अनुभवी स्थानिक माणसं काम शोधू लागली. बाहेरच्या माणसाला बोलवायचं तर संस्थेला त्यासाठी ठोस कारण लागतं.

ते कारण आपल्याकडच्या कामात सापडू शकतं, फक्त नेमकं सांगता आलं पाहिजे.

रोजगार हमीचं पाहा. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा. इथिओपियात २००५ पासून 'प्रॉडक्टिव्ह सेफ्टी नेट' कार्यक्रम चालतो. त्यात गरीब कुटुंबांना सार्वजनिक कामाच्या बदल्यात रोख रक्कम किंवा धान्य मिळतं आणि कामं बरीचशी मृद-जलसंधारणाची असतात. हजेरीपट, मोजमाप, कामानंतर त्या मालमत्तेची देखभाल कोण करणार, मजुरी वेळेवर का पोचत नाही, हे प्रश्न तुम्ही हाताळले असतील तर ते तिथले रोजचे प्रश्न आहेत.

तूर हे दुसरं क्षेत्र. आपल्या वरणातली तूर बऱ्याचदा मोझांबिक, मलावी, टांझानियातून आलेली असते. मोझांबिकशी २०१६ मध्ये आणि मलावीशी २०२१ मध्ये भारताने तूर आयातीचे करार केले. वाण, साठवणूक, प्रतवारी आणि भारतीय बाजाराची चाल ज्याला मराठवाड्यात किंवा विदर्भात राहून कळली आहे, तो तिथल्या शेतकरी संघांच्या खऱ्या उपयोगाचा.

बचत गटांबाबत मात्र जपून. आफ्रिकेतलं प्रचलित रूप वेगळं आहे. 'केअर' संस्थेने १९९१ मध्ये नायजरमध्ये सुरू केलेल्या पद्धतीत साधारण १५ ते २५ जण शेअर घेतात, पैसा तीन कुलपांच्या पेटीत राहतो, तीन किल्ल्या तीन वेगळ्या सदस्यांकडे असतात आणि वर्षभराने सगळी रक्कम व्याजासह वाटून पेटी रिकामी केली जाते. आपल्याकडे १९९२ पासून नाबार्डच्या बँक-जोडणीवर उभा राहिलेला गट वर्षानुवर्षं भांडवल साठवतो. 'हे लोक पैसे का वाटून टाकतात?' असा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारणारा माणूस तिथल्या बायकांचा विश्वास गमावतो. वाटपाची तारीख बहुतेकदा पेरणीच्या किंवा शाळेच्या फीच्या वेळेशी जुळवलेली असते. त्यांना पैसा तेव्हाच हवा असतो.

*तपासा:* तुम्ही सोडवलेला एक प्रश्न, त्याचं कारण, तुम्ही स्वतः घेतलेला निर्णय आणि दोन वर्षांनंतरची स्थिती हे सगळं एका पानात लिहा. पान भरलं नाही तर कौशल्य अजून ठरलेलं नाही.

टप्पा २ : देश निवडा आणि त्याचा कारभार शिका

एकाच वेळी वीस देशांत अर्ज पाठवू नका. दोन देश निवडा आणि त्यांचा गावपातळीवरचा कारभार आपल्या पंचायत राजसारखा तोंडपाठ करा.

टांझानियात (झांझिबार वगळून) गावाची ग्रामसभा असते, १८ वर्षांवरचे सगळे रहिवासी तिचे सदस्य. तिच्याखाली १५ ते २५ जणांची ग्रामपरिषद. ग्रामसेवकासारखा 'व्हिलेज एक्झिक्युटिव्ह ऑफिसर', त्याच्यावर वॉर्डचा अधिकारी, जिल्ह्याला 'डिस्ट्रिक्ट एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर'. गावच्या जमिनीचे व्यवहार १९९९ च्या ग्रामजमीन कायद्याने चालतात.

केनियात २०१० च्या राज्यघटनेने ४७ काउंट्या केल्या आणि २०१३ पासून शेती विस्तार त्यांच्याकडे गेला. तिथे दोन समांतर रांगा आहेत. वॉर्ड प्रशासक काउंटीचा, तर 'चीफ' आणि 'असिस्टंट चीफ' राष्ट्रीय सरकारचे. लोकांची जाहीर सभा, म्हणजे 'बराझा', चीफ बोलावतो. यातल्या एकालाच भेटून काम सुरू केलं की दुसरा दुखावतो आणि काम थांबतं. नवख्या माणसाच्या हातून सर्वांत जास्त होणारी चूक हीच.

मलावीत निवडून आलेल्या जिल्हा परिषदेबरोबर पारंपरिक प्रमुख असतात. गावप्रमुख, अनेक गावांचा प्रमुख आणि त्यांच्यावर 'ट्रॅडिशनल ऑथॉरिटी'. जमिनीचा कुठलाही विषय त्यांना वगळून पुढे सरकत नाही. इथिओपियात सगळ्यांत खालचं प्रशासन म्हणजे 'केबेले' आणि त्यावर तालुक्यासारखा 'वोरेडा'. जमीन सरकारी मालकीची, शेतकऱ्याला फक्त वापराचा हक्क.

हा कारभार चालवणारी माणसं भारतातच भेटू शकतात. १९६४ पासून चालणाऱ्या भारत सरकारच्या आयटेक या तांत्रिक सहकार्य योजनेखाली आफ्रिकी देशांचे अधिकारी प्रशिक्षणाला येतात, हैदराबादच्या राष्ट्रीय ग्रामीण विकास व पंचायती राज संस्थेतही येतात. तुमची संस्था त्यांना क्षेत्रभेटीसाठी बोलावू शकते. गावात त्यांच्यासोबत घालवलेल्या एका दिवसात जे समजतं ते संकेतस्थळांवर सापडत नाही.

*तपासा:* निवडलेल्या देशात गावाने मागितलेली विहीर मंजूर व्हायची तर कागद कोणाकोणाच्या टेबलावरून जातो, हे न अडखळता सांगता येतं का?

टप्पा ३ : भाषा, अर्जाच्या आधी

केनिया आणि टांझानियासाठी स्वाहिली, मलावीसाठी चिचेवा, इथिओपियासाठी अम्हारिक आणि जिल्ह्यानुसार ओरोमो. मोझांबिकला पोर्तुगीज हवीच. नायजर, बुर्किना फासो, सेनेगल यांचा विचार फ्रेंच येत नसेल तर सोडून द्या.

स्वाहिली रोमन लिपीत लिहिली जाते आणि जसं लिहितात तसंच वाचतात, म्हणून आपल्याला ती लवकर जमते. सहा महिने रोज तासभर दिलात तर बैठकीतला विषय कळण्याइतपत येते. टांझानियात वडीलधाऱ्यांना 'शिकामू' म्हणायचं असतं, उत्तर येतं 'मराहाबा'. ते न करता थेट कामाचं बोलणं उद्धटपणा मानला जातो.

*सावध:* स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. 'सा न्ने असुबुही' म्हणजे शब्दशः सकाळचे चार, आपल्या घड्याळात दहा. अम्हारिकमध्येही तसंच. बैठक ठरवताना दोन्ही प्रकारे वेळ विचारून घ्या. इथिओपियाची दिनदर्शिका तर १३ महिन्यांची आणि आपल्या इसवी सनापेक्षा ७-८ वर्षं मागे, त्यामुळे पत्रावरची तारीख नीट वाचा.

टप्पा ४ : अर्ज

अनुभव तीन ते पाच वर्षांचा असेल तर संयुक्त राष्ट्रांचं स्वयंसेवक दल, म्हणजे यूएनव्ही, हे सर्वांत वास्तववादी दार आहे. 'स्पेशालिस्ट' गटासाठी वय २७ च्या पुढे आणि किमान ३ वर्षांचा अनुभव लागतो. राहण्या-खाण्याचा भत्ता आणि विमा मिळतो. एफएओ, इफाड, डब्ल्यूएफपी या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न-शेतीविषयक संस्थांच्या पी-३, म्हणजे मधल्या दर्जाच्या, जागेला पदव्युत्तर पदवी आणि ५ वर्षांचा संबंधित अनुभव अपेक्षित असतो. स्पर्धा जगभरातून होते. 'जेपीओ', म्हणजे कनिष्ठ व्यावसायिक अधिकाऱ्याच्या, जागांमागे धावू नका. त्यांचा खर्च देणगीदार देश करतात आणि त्या मुख्यतः त्यांच्याच नागरिकांना मिळतात. ब्रॅक, आगा खान फाउंडेशन, वन एकर फंड यांच्यासारख्या पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या संस्थांची संकेतस्थळं आणि मदतकार्यातल्या जागांच्या जाहिराती देणारं रिलीफवेब नियमित पाहा. भारतात काम करणाऱ्या एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेत आधी रुजू होऊन तिथूनच बदली मागणं हा मार्ग लांबचा वाटतो, पण तो सगळ्यांत भरवशाचा आहे.

अर्जात आपली माणसं कुठे अडखळतात ते सांगतो.

योजनांची नावं तशीच लिहितात. नैरोबीत बसलेल्या माणसाला 'उमेद', 'नरेगा', 'तालुका' यांचा बोध होत नाही. योजना काय करते ते एका ओळीत लिहा. लाख-कोटी काढून दशलक्षात आकडे द्या, रुपयांशेजारी डॉलर लिहा.

मुलाखतीत सतत 'आम्ही केलं' म्हणतात. आपल्याकडे तो विनय, पण तिथल्या पॅनेलला त्यातून तुमचा वाटा कळत नाही. 'अमुक वेळी मतभेद झाला तेव्हा तुम्ही काय केलंत?' असे प्रश्न येतात. परिस्थिती, माझं काम, मी उचललेलं पाऊल, परिणाम या क्रमाने सहा-सात प्रसंग आधीच तयार ठेवा. त्यातला एक प्रसंग फसलेल्या कामाचा असू द्या, पॅनेल तो हमखास विचारतं.

आणि अर्ज लिहिताना दयेचा सूर टाळा. 'मागासलेल्या लोकांची सेवा' असं लिहिलेला अर्ज पहिल्या चाळणीत बाजूला पडतो, आणि ते योग्यच आहे.

*सावध:* संयुक्त राष्ट्रांची कुठलीही संस्था अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण किंवा वैद्यकीय तपासणीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. चांगल्या स्वयंसेवी संस्थाही घेत नाहीत. मध्ये एजंट असेल तर भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी पाहा. नोंदणी नसेल तर तिथेच थांबा.

टप्पा ५ : करार, परवाना, मगच तिकीट

सहीआधी करारात हे शोधा: पगार कोणत्या चलनात, कर कोण भरणार, कार्यक्रमाचा निधी मध्येच थांबला तर किती दिवसांची सूचना, घरी जायचं तिकीट वर्षातून किती वेळा, आणि वैद्यकीय कारणाने दुसऱ्या शहरात किंवा देशात हलवण्याचा विमा आहे का. शेवटचा मुद्दा नसेल तर सही करू नका. जिल्ह्याच्या ठिकाणी शस्त्रक्रियेची सोय असेलच असं नाही.

परवान्याचं काम संस्थेने करायचं असतं, पण कागद तुमचे. केनियात प्रवेशासाठी ऑनलाइन मिळणारी परवानगी, म्हणजे ईटीए, हा कामाचा परवाना नव्हे. नोकरीसाठी 'क्लास डी', धर्मादाय कामासाठी 'क्लास आय' असे वर्ग आहेत. टांझानियात कामाचा परवाना आणि निवास परवाना हे दोन वेगळे कागद, दोन वेगळ्या खात्यांकडून. नोकरदाराचा निवास परवाना 'क्लास बी'. 'पर्यटक म्हणून या, इथे आल्यावर बघू' असं कोणी म्हटलं तर नम्रपणे नकार द्या. पकडले गेलात तर हद्दपारी तुमची होते.

पासपोर्ट सेवेतून पोलिस क्लिअरन्स काढा. पदवीचे कागद आधी राज्य पातळीवर साक्षांकित करून मग परराष्ट्र मंत्रालयाकडून घ्या. मलावी, बोत्सवाना, दक्षिण आफ्रिका यांसारख्या हेग करारातल्या देशांसाठी अपॉस्टिल, म्हणजे त्या करारानुसार परराष्ट्र मंत्रालय देतं तो साक्षांकनाचा शिक्का, पुरतो. इतरांसाठी त्या देशाच्या दूतावासाचा शिक्काही लागू शकतो, म्हणून या कामाला दोन महिने धरा.

टप्पा ६ : तब्येत

यलो फिव्हरची लस केंद्र सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० व्या दिवसापासून लागू होतं आणि आता ते आयुष्यभर चालतं. लागण असलेल्या देशातून ते कार्ड न घेता भारतात परतलात तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. साठीच्या पुढच्यांनी आणि गर्भवतींनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

तिथला मलेरिया मुख्यतः फाल्सिपेरम या सर्वांत घातक प्रकारचा. त्यावर क्लोरोक्विन चालत नाही, प्रतिबंधक गोळी कोणती घ्यायची ते डॉक्टरांकडून ठरवा. ताप आला की त्याच दिवशी तपासणी. 'उद्या बघू' म्हणण्यात जीव जातो.

आपल्याकडच्या माणसाला ठाऊक नसलेला आजार म्हणजे बिलहार्झिया. व्हिक्टोरिया आणि मलावी तलावांच्या काठी, तसंच अनेक ओढ्यांत गोगलगायींतून येणारा हा कृमी उघड्या कातडीतून शरीरात शिरतो. बंधाऱ्याची जागा बघायला चप्पल काढून पाण्यात उतरायची आपली सवय तिथे सोडावी लागते. बूट घाला.

मोटरसायकल टॅक्सीवर, म्हणजे बोडा-बोडावर, हेल्मेटशिवाय बसू नका. रात्रीचा प्रवास टाळाच.

टप्पा ७ : पहिले तीन महिने

या काळात नवं काही सुरू करू नका. भेटी वरून खाली घ्या: जिल्हा, वॉर्ड, मग गाव. प्रत्येक कार्यालयात अभ्यागतांच्या वहीत सही करा आणि वरच्या कार्यालयाचं पत्र सोबत ठेवा. मलावीत जिल्हा कार्यकारी समितीसमोर कार्यक्रम मांडल्याशिवाय गावात जाऊ नका.

पायाभूत पाहणी संशोधन म्हणून करणार असाल तर केनियात नाकोस्टी आणि टांझानियात कॉस्टेक या संशोधनाला परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थांचा परवाना लागतो का ते आधी लेखी विचारून घ्या. परवाना नसल्यामुळे गोळा केलेली माहिती वापरता येत नाही, असे प्रसंग घडतात.

भत्त्यांचा विषय पहिल्याच महिन्यात येतो. बैठकीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना प्रवासखर्च आणि भत्ता देण्याची पद्धत अनेक देशांत रुळलेली आहे. तिच्याविरुद्ध भाषण करू नका आणि स्वतःचा दरही लावू नका. जिल्ह्यात काम करणाऱ्या सगळ्या संस्थांनी मिळून मान्य केलेला दर असतो. तोच द्या, पावती घ्या.

*तपासा:* तीन महिन्यांनंतर तुमच्या सोबतचा स्थानिक सहकारी तुमची चूक तुम्हाला तोंडावर सांगतो का? सांगत नसेल तर गावात काम सुरू करायला अजून वेळ आहे.

टप्पा ८ : प्रत्यक्ष काम

पहिलं म्हणजे वेळ. केनिया, टांझानिया, युगांडा यांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, झांबियाचं जानेवारीत, मलावीचं २०२२ पासून आपल्यासारखं १ एप्रिलला. केनियाच्या काउंटीत पुढच्या वर्षाचा वार्षिक विकास आराखडा १ सप्टेंबरपर्यंत सभागृहात जातो आणि अंदाजपत्रक ३० एप्रिलपर्यंत. म्हणजे पुढच्या जुलैत काउंटीचा पैसा हवा असेल तर वॉर्डातली चर्चा आदल्या जून-जुलैतच झालेली असली पाहिजे. मे महिन्यात उत्तम प्रस्ताव नेणाऱ्याला अधिकारी चहा देतात आणि पुढच्या वर्षी या म्हणतात.

पावसाचं गणितही वेगळं. केनियाच्या बऱ्याच भागात मार्च ते मे लांब पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा. मलावी-झांबियात एकच हंगाम, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, आणि जानेवारी-फेब्रुवारी हे घरातलं धान्य संपण्याचे महिने. त्या महिन्यांत श्रमदानाची अपेक्षा धरू नका.

मग तंत्र. दख्खनच्या बेसाल्टवर बसलेला आराखडा उचलून नेणं ही पाणलोटवाल्यांची ठरलेली चूक. आपल्या सलग समतल चरात माती उताराच्या खालच्या बाजूला टाकतात. पूर्व आफ्रिकेतल्या 'फान्या जू' पद्धतीत शेतात चर खणून माती वरच्या बाजूला फेकतात, बांधावर नेपियर गवत लावतात आणि काही वर्षांत शेत आपोआप पायऱ्यांचं होतं. केनियातल्या मचाकोस, किटुई, माकुएनी भागांत कोरड्या वालुकामय नद्यांवर वाळूचे बंधारे बांधतात. भिंतीमागे वाळू साचते, वाळूच्या पोटात पाणी राहतं आणि बाष्पीभवन कमी होतं. आपल्या माणसाला गाळ-वाळू साचलेला बंधारा दिसला की तो उपसावासा वाटतो. इथे वाळू उपसली तर पाणीच गेलं. मात्र वरच्या क्षेत्रातून जाडी वाळू येत नसेल, बारीक गाळच येत असेल तर हा बंधारा निकामी ठरतो. म्हणून जागा निवडताना नदीतली वाळू हातात घेऊन पाहा आणि भिंतीखाली पक्का खडक लागतो का ते खोदून बघा.

चराईबंदीचा आग्रह तर धरूच नका. हिवरे बाजारमध्ये ती गावाने ठरवली आणि पाळली, कारण जनावरं गावातलीच होती. उत्तर केनियातले पशुपालक पावसामागे शेकडो किलोमीटर फिरतात, त्यांच्या सामूहिक जमिनीला २०१६ च्या कायद्याचं संरक्षण आहे. तिथे बोलणी करायची ती चराईच्या पाळीची, वाटांची आणि पाणवठ्यांची, आणि ती फिरणाऱ्या गटांच्या ज्येष्ठांबरोबर.

टप्पा ९ : हस्तांतर, पहिल्या महिन्यापासून

हा टप्पा शेवटी लिहिला असला तरी त्याची तारीख रुजू होतानाच ठरवा. तुमच्या पदाशेजारी एक स्थानिक सहकारी नावाने नेमून घ्या. पहिल्या वर्षी बैठक तुम्ही घ्या आणि तो पाहील, दुसऱ्या वर्षी तो घेईल आणि तुम्ही मागे बसाल, तिसऱ्या वर्षी तुम्ही त्या बैठकीला जाणारच नाही. अंदाजपत्रकाची सही, देणगीदाराशी थेट बोलणं, माणसं नेमण्याचा अधिकार या तिन्ही गोष्टी त्याच्याकडे गेल्या नाहीत तर हस्तांतर झालेलं नाही, समारंभ कितीही मोठा झाला तरी.

बंधाऱ्यांचे नकाशे, दुरुस्तीची यादी आणि समितीची घटना स्थानिक भाषेत करून गावच्या आणि जिल्ह्याच्या कार्यालयात एकेक प्रत नोंदवून पोच घ्या. संस्थेच्या लॅपटॉपमधली फाईल तुमच्यासोबतच निघून जाते.

निघण्यापूर्वी संस्थेकडून अनुभवपत्र आणि तिथल्या कर खात्याचा भरणा केल्याचा दाखला घ्या, भारतात विवरणपत्र भरताना तो लागतो. यलो फिव्हरचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. परतल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा की तुम्ही आफ्रिकेत होतात, आणि मलेरियाची तपासणी मागून घ्या.